दोन रांजण तुमेनपार

कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण मी उत्तर कोरियातून पळालो तो किमचीच्या रांजणात बसून.

"भावजी, मागच्या वर्षी सांगितलंत तेव्हा तर बैलाची शेपटी धरून नदी ओलांडली होतीत," बोंग-सिल वहिनी म्हणाल्या. आम्ही सगळे मूळचे उत्तरेतल्या मुसानचे, आता दक्षिणेत इंचॉनकर. थंडीच्या तोंडावर इमारतीमागच्या अंगणात वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला जमतो. बायका कोबीच्या पानापानांत तिखट भरतात आणि पहिला घास माझ्या तोंडात कोंबतात. मी डोळे मिटून चावतो आणि म्हणतो, "छान. पण नाही." मग शिव्या खातो.

"बैल नंतरचा. आधी रांजण," मी म्हणालो. "शेजारच्या गावाला जायचं तरी परवाना लागायचा तिथं. पण किमचीला कोण परवाना विचारतो? या दिवसांत सारा गाव रांजण घेऊन रस्त्यावर. आमच्या हातगाडीवर दोन. एकात मी, दुसऱ्यात ओक्दान, माझी बायको. डोक्यावर कोबीची पानं."

"आणि गाडी ढकलली कोणी?"

"उतार होता, वहिनी."

बायका खिदळल्या.

"सरहद्दीवरच्या तुमेन नदीच्या काठावर पहारेकरी. कोवळं पोरगं, पोट खपाटीला गेलेलं. त्यानं माझ्या डोक्यावरचं पान ओढलं, चावलं आणि म्हणाला, 'मीठ कमी आहे.' मी श्वास रोखून गप्प. पण ओक्दानच्या किमचीला नावं ठेवून कोण सुटलंय? दुसऱ्या रांजणातून आवाज आला, 'मीठ कमी? आधी जीभ दाखव मेल्या!'"

"अगं बाई! मग?"

मी हातातलं मुळ्याचं काप उगाच उलटसुलट केलं.

"मग काय. त्यानं तिच्या रांजणात हात घातला. ती किमचीत माशाचे तुकडे घालायची, ठाऊक आहे ना? एक तुकडा तोंडात गेला आणि त्याला आई आठवली. ढसाढसा रडला. दोन्ही रांजण त्यानंच पाण्यात लोटले. नदीच्या मधोमध तिचा रांजण माझ्यावर आदळायचा आणि ती आतून विचारायची, 'अहो, आहात ना?' मी म्हणायचो, 'आहे.' पुन्हा आदळायचा, पुन्हा विचारायची. चीनच्या काठाला लागलो तेव्हा उजाडत होतं."

"दोघंही?"

"दोघंही. रांजणाला रांजण लावून."

कोणी हसलं नाही. बोंग-सिल वहिनींनी एक पान गुंडाळलं. त्यात यंदा माशाचा तुकडाही होता. त्यांनी तो घास माझ्या तोंडात घातला. मी डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिलो.

"छान," मी म्हणालो. "पण नाही."

वहिनींनी तिखटाचे हात तसेच मांडीवर पुसले.

"खोटं बोलताय, भावजी. तिचा रांजण काठाला लागला असता, तर इतकी वर्षं आमच्या हातांत तिची चव शोधत फिरला असतात का?"