उत्तरार्धातला गोल

एकतीस वर्षं दर सोमवारी माझं सदर छापून येतंय. 'मैदानाच्या कडेवरून' हे नाव मीच दिलं, आणि आपण जे बघतो तेच लिहितो अशी फुशारकी गावभर मारत आलो. बायको म्हणते, मला दृष्ट लागायची ती माझीच.

मंगळवारी एका शाळेतली खेळाची शिक्षिका ऑफिसात आली. हातात चोवीस वर्षांपूर्वीचं कात्रण. मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना, माझंच सदर. विजयी गोल तिचा, आणि त्याच बातमीच्या जोरावर तिला नोकरी लागलेली. आता नोकरीच्या कागदपत्रांच्या फेरतपासणीत शिक्षण खात्यातल्या साहेबांनी कात्रणावर बोट ठेवलं होतं, कारण गोल मारणारीचं नाव पेनानं लिहिलेलं होतं. पाणी पडून छपाई पुसली म्हणून बाबांनी वरून गिरवलं, असं तिनं सांगितलं. बाबा आता नाहीत. संघातल्या मैत्रिणींची साक्ष साहेबांना चालत नव्हती. त्यांना मूळ अंक हवा होता, नाहीतर लिहिणाऱ्याचा जबाब. बुधवारी अकरापर्यंत. नाही तर नोकरी जाणार आणि बनावट कागदाचा ठपका बसणार.

"काका, तुम्ही तिथं होतात," ती म्हणाली. "अंक दाखवला की मिटलं."

मिटलं कसलं, डोंबल. मी मोठ्या तोऱ्यात तळघरात गेलो, शिंकत शिंकत फायली उपसल्या आणि अंक काढला. छपाई लख्ख होती. गोल कर्णधार मुलीच्या नावावर होता.

तेव्हा मला तो दिवस आठवला. मध्यंतराला शून्य-शून्य. ऊन मी म्हणत होतं, आणि मी सरळ उठून घरी गेलो होतो. संध्याकाळी फोनवर निकाल कळला. गोल कुणाचा, एवढं विचारायचाही मला कंटाळा आला. कर्णधारच मारते नेहमी, म्हणून दिलं ठोकून. वर 'डोळ्यांचं पारणं फेडणारा गोल' असंही लिहिलं. तिच्या बापानं मात्र ते नाव खोडलं, खरं लिहिलं, आणि पोरीचं मन मोडू नये म्हणून पाण्याची गोष्ट रचली.

मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं पान दोनदा वाचलं. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. जबाब द्याल का, एवढंच तिनं विचारलं.

देईन म्हणालो, पण माझीच पाचावर धारण बसली होती. नव्हतो म्हणावं तर साक्ष कशाची द्यायची? होतो म्हणावं तर खोटं. शेवटी ठरवलं, एक खोटं तिच्याविरुद्ध छापलंय, आता एक तिच्या बाजूनं बोलायचं.

बुधवारी साहेबांसमोर मी छातीठोकपणे सांगितलं की गोल याच मुलीचा, मी डोळ्यांनी पाहिला, नाव छापताना चूक झाली. साहेब मान डोलावत लिहून घेत होते. ती शेजारी बसून टेबलाकडे बघत होती.

"कसा मारला होता?" साहेबांनी सहज विचारलं.

एकतीस वर्षांत हजार गोल लिहिले असतील. अडखळलो नाही.

"उजव्या पायानं. लांबून."

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"डोक्यानं मारला होता, काका."

साहेबांचं पेन थांबलं.