आर्केडिया पंक्चर

सोमनाथने पत्र्यावर प्लायवूडचा साचा दाबून धरला आणि खिळ्याच्या टोकाने पहिलं अक्षर आखून घेतलं. पंक्चरवाला पठाण मान वाकडी करून बघत होता.

“ये आर्केडिया क्या होता है, भाई?”

“बडे लोगों का नाम है, खानसाब. दुकान चमकेगी.”

पठाण खूश झाला. दुबईतल्या रास अल खोरच्या गाळेवाल्यांची ही रीतच होती. नाव सुचलं नाही की बोर्ड रंगवणाऱ्यालाच विचारायचं. आणि गेलं वर्षभर सोमनाथ सगळ्यांना एकच नाव सुचवत होता. आर्केडिया लॉन्ड्री झाली, आर्केडिया सलून झालं, कोंबड्या कापणाऱ्याच्या गाळ्यावरही आर्केडियाच. मैला उपसणाऱ्या टँकरवर तर त्याने हे नाव फुकटात रंगवून दिलं होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

खरी आर्केडिया जुमेराच्या श्रीमंत वस्तीत होती, भाड्याने द्यायच्या व्हिलांची मोठी वसाहत. नाव शोधलं होतं तिथले मॅनेजर उपेंद्र साहेब यांनी. गेटवर पितळी अक्षरं बसवायला सोमनाथ आणि त्याचा जोडीदार दगडू गेले, तेव्हा साहेबांनी हौसेने सांगितलं होतं की हा ग्रीक पुराणातला मुलूख आहे. तिथे मेंढपाळ दिवसभर बासऱ्या वाजवतात, कसली ददात नाही की चिंता नाही. दगडू माणदेशातला धनगर. तो पोट धरून हसला.

“साहेब, मेंढरांमागं हिंडणाऱ्याला चिंता नसती व्हय?”

संध्याकाळी उद्घाटन, म्हणून साहेबांनी दोघांना जुलैच्या भर दुपारी परांचीवर चढवलं. घटकाभर सावलीत बसू द्या म्हटलं, तर खालून “यल्ला, यल्ला, आवरा लवकर” करत टाळ्या वाजवल्या. शेवटचं अक्षर बसलं आणि दगडूला भोवळ आली. पडला तो कमरेखाली कायमचा लुळा झाला. साहेब धावत आले, त्यांनी आधी वर गेटकडे पाहिलं आणि विचारलं, “अक्षर सरळ बसलंय ना?”

त्या एका वाक्यापायी सोमनाथने गेटच्या अक्षरांचे साचे जपून ठेवले. लहान मापात उतरवले, पण वळण तेच, शेपट्या त्याच. हे नाव गटारागटारातून फिरवून आणीन, असं त्याने दगडूला गावी धाडायला विमानात चढवलं त्या दिवशीच ठरवलं होतं.

पठाणाचा बोर्ड वाळला. तो टेम्पोत चढवत असतानाच वर्कशॉपच्या दारात पांढरी गाडी थांबली. उपेंद्र साहेब उतरले. शर्ट पाठीला चिकटलेला.

“सोमनाथ, काय चालवलंयस हे? काल एक गोरी फॅमिली व्हिला बघायला आली आणि गेटमधून तुझा तो टँकर बाहेर आला! सेम नेम, सेम लेटर्स! बाई हसतच सुटली. ओनर मला काढतोय रे.”

“नाव मोठं झालं साहेब, आपलंच.”

“मस्करी नको. ते साचे दे मला. हात जोडतो.”

सोमनाथने टेम्पोतल्या बोर्डाकडे बोट केलं.

“तेवढं बघून सांगा साहेब. अक्षर सरळ बसलंय ना?”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना आठवलं होतं. ते गाडीत बसले, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत सोमनाथ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. फार बरं वाटलं त्याला, वर्षभरात पहिल्यांदा पोट भरून जेवल्यासारखं.

“सोमनाथ! गाँव से फोन!” वर्कशॉपचे मालक नूरुद्दीन यांनी आतून हाक मारली.

फोनवर दगडू होता. आवाज खणखणीत.

“सोमा, कारभारणीनं, तानूनं, दुकान टाकलंय बघ. सरकी पेंड, भुसा, मेंढरांचं औषधपाणी. मी खाटेवर बसून गिऱ्हाईक बघतो.”

“झकास केलंस.”

“बोर्ड तू धाडायचा. नाव आर्केडिया.”

“आर्केडिया? तेच कशाला रे?”

“आरं, माझ्या हातनं लागलेलं शेवटचं नाव हाय त्ये. गावात समद्यांस्नी सांगितलंय, तिकडं मेंढपाळांचा एक मुलूख हाय अन् त्याच्या दारावरची अक्षरं म्या बसवल्यात. मी पडलो, पर अक्षर हललं न्हाई. गेटावर हायेत तश्शीच पायजेत, काय?”

“पाठवतो.”

“अन् एक सांग. दुबईत दुसऱ्या कुणी उचललं न्हाई न्हवं त्ये नाव? इथं पोरं इचारत्यात.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. सोमनाथने रिसीव्हरच्या तोंडावर तळवा दाबून धरला, हॉर्न थांबेपर्यंत. मग हात काढला.

“नाही रे, दगडू,” तो म्हणाला. “एकाच दारावर आहे.”