फक्त समुद्रावर उडणारा फ्यूज

लेइलीची गाडी जमिनीवर अगदी शहाण्यासारखी वागायची आणि समुद्रावर गेली की तिच्या अंगात यायचं. समुद्र म्हणजे गोठलेला. बोट बंद झाली की काडकासार बेटावरची माणसं बर्फावर आखलेल्या रस्त्याने पलीकडे हाप्सालूला जातात, तशी लेइलीही दर शनिवारी जायची. यंदाच्या हिवाळ्यात त्या रस्त्यावर तीनदा असं झालं की वायपर मध्येच थांबले, काचेवर हवा मारणारा पंखा गप्प झाला, रेडिओ मुका झाला आणि इंजिन मात्र चालूच. बघता बघता समोरची काच वाफेने पांढरी. दोनदा लेइली खिडकीतून डोकं बाहेर काढून, नाक गोठवून घेत किनाऱ्याला लागली. तिसऱ्या वेळी काहीच दिसेना म्हणून ती थांबली. बर्फावर गाडी थांबवायची नसते हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. पलीकडच्या किनाऱ्यावर, या रस्त्याच्या नाक्यावर बसणारा उनो दोरी घेऊन आला, त्याने गाडी ओढत नेली, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी बेटभर झाली.

हाप्सालूच्या गॅरेजवाल्याने दर वेळी तोच उडालेला फ्यूज काढला, नवा घातला, गाडी गावातून खडखडवून आणली. फ्यूज उडायला तयार नाही. "काकू, गाडीत काही नाही हो," तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "तुम्ही चुकून काही दाबत वगैरे नाही ना?"

त्याने सहज विचारलं, पण ते लेइलीच्या काळजात रुतलं. तिची थोरली बहीण हिल्या. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी चूल बंद करायची राहिली, मग किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या, मग एक दिवस तिने स्वतःच्या अंगणात उभं राहून स्वतःच्या घराचा पत्ता विचारला. आता ती हाप्सालूच्या वृद्धाश्रमात होती आणि तिला भेटायला दर शनिवारी लेइलीच जायची, दुसरं कुणी नाही.

बातमी ताल्लिनला मुलाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. राइगो शुक्रवारी हजर. रात्री जेवताना काळ्या पावावर मासा ठेवत त्याने विषय काढला.

"आई, सरळ बोलतो. उद्या मी तुझ्या शेजारी बसून पलीकडे येतो. गाडी नीट गेली तर माझं तोंड बंद. पुन्हा तसं झालं तर चावी माझ्याकडे, आणि तू आमच्याकडे राहायला यायचं."

"आणि हिल्याकडे कोण जाणार?"

"बघू."

"तुझं 'बघू' मला ठाऊक आहे. छपराचं पण 'बघू'च होतं. दोन हिवाळे बादली लावून झोपले मी."

तरी ती कबूल झाली. राइगोला वाटलं, आई थकली. थकते कसली! तिलाच जाणून घ्यायचं होतं. बिघाड गाडीत आहे की आपल्या डोक्यात? हा प्रश्न घेऊन रोज झोपण्यापेक्षा एकदा काय ते कळलेलं बरं.

सकाळी आभाळ राखाडी होतं आणि बारीक बर्फ उडत होता. किनारा सुटला तसं दोघांनी सीटचे पट्टे काढले. समुद्रावर पट्टा बांधणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर वेडा. बर्फ फाटला तर क्षणात दार उघडून बाहेर पडता आलं पाहिजे. लेइलीने खिडकी दोन बोटं खाली घेतली, आरशाला अडकवलेले टोचे काढले, त्यांची बुचं खिशात टाकली आणि ते गिअरजवळ हाताशी खोचून ठेवले. टोचे म्हणजे दोन लाकडी मुठी, प्रत्येकीत एक जाड खिळा, मध्ये दोरी. पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. हे तिच्या नवऱ्याने, एल्मारने, जुनिपरच्या लाकडातून केले होते. एल्मारला जाऊन आठ वर्षं झाली, टोचे तसेच होते.

राइगो दाराचं हँडल धरून बसला होता. बेटावर वाढलेला पोरगा, पण शहरात राहून भित्रा झालेला. अर्धा रस्ता छान गेला. रेडिओवर कुणीतरी बटाट्याच्या भावावरून भांडत होतं. मग भेग आली. तिथे बर्फ दुभंगलेला असतो, म्हणून वर फळ्या टाकलेल्या. गाडी फळ्यांवरून धडाधड उड्या मारत गेली आणि बटाटे अर्ध्या वाक्यात गप्प झाले. वायपर काचेच्या मधोमध थांबले.

"झालं," राइगो म्हणाला. मयताला आल्यासारखा आवाज.

लेइलीला आता सवयच होती. खिडकी खाली, डोकं बाहेर. राइगो आतून बाहीने काच पुसत राहिला आणि दोघं पलीकडच्या किनाऱ्याला लागले.

"आज दोरी लागली नाही," नाक्याच्या खोपटातून बाहेर येत उनो म्हणाला. "प्रगती आहे, लेइली."

"तू कॉफी पी तुझी."

तिने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि स्टीअरिंगखालचं झाकण काढलं. गॅरेजवाल्याला तीनदा बघून फ्यूजची पेटी तिला आता मसाल्याच्या कप्प्यांइतकी ओळखीची झाली होती. छोट्या चिमट्याने तिने निळा फ्यूज उपसला आणि आभाळाकडे धरला. आतली तार मधोमध तुटलेली, कडेला काळा धूर धरलेला. जुनी गाडी, एका फ्यूजवर चार जणांचा संसार. तो गेला की सगळेच उपाशी.

"चॉकलेटची चांदी गुंडाळून बसव," उनोने खिशातून कागद काढलाच. "जन्मात उडणार नाही."

"हो, मग गाडीच जळेल. फ्यूज मरतो म्हणून बाकीच्या तारा जगतात, बाबा."

झाकणात दोन निळे जादा होते. तेवढ्याच ताकदीचे, पंधरा अँपिअरचे. तिने एक दाबून बसवला, चावी फिरवली. बटाटे पुन्हा सुरू झाले, तशी तिने चावी परत फिरवून ते बंद केले.

राइगोने हात पुढे केला. "आई, चावी."

"देते. बोललेला शब्द आहे. पण आधी मला कळू दे."

"काय कळायचंय? फ्यूज उडाला."

"फ्यूज उडाला म्हणजे माणूस मेला म्हणण्यासारखं झालं. कशाने मेला ते सांग ना."

राइगोने सुस्कारा सोडला. "तू काहीतरी दाबलं असशील आणि तुझ्या लक्षात नसेल. होतं असं, आई."

तो हे फार मऊ आवाजात म्हणाला, आणि त्या मऊपणाचाच तिला राग आला. ओरडला असता तर चाललं असतं. ती पुन्हा गाडीत बसली आणि पुढ्यात बघत राहिली. गॅरेजवाल्याने गाडी खड्ड्यातून नेली, दगडांवरून नेली. म्हणजे नुसत्या धक्क्याने होत नाही. मग समुद्रावर मी असं काय करते जे जमिनीवर करत नाही?

आठवायला गेली तर काहीच सापडेना. हेच, हेच हिल्याचं झालं होतं. मग तिला सुचलं की डोक्याला विचारूच नये, हातांना विचारावं. तिने टोचे पुन्हा आरशाला अडकवले, खिडकी वर केली, पट्टा बांधला आणि डोळे मिटले.

"आई, काय करतेस?"

"समुद्रावर चालले आहे. गप्प बस."

हातांनी पट्टा काढला. खिडकी खाली घेतली. आरशाकडे गेले, टोचे उचलले, बुचं काढल्यासारखं केलं. मग उजवा हात आपसूक खाली गेला, गिअरच्या पुढे, आणि थांबला. लेइलीने डोळे उघडले. हात सिगारेट लायटरच्या भोकावर होता, त्या फ्यूजच्या संसारातल्या चौथ्यावर. भोक रिकामं. त्यात एका टोच्याचा खिळा कसा ऐटीत मावत होता, जणू एल्मारने मापच घेऊन केला होता.

तिने टोचा डोळ्याजवळ आणला, चष्मा कपाळावर सारला. खिळ्याच्या टोकाला काळा डाग, आणि डागात टाचणीच्या डोक्याएवढा वितळलेला खड्डा.

"राइगो, इकडे ये. चावी फिरव."

"कशाला?"

"फिरव म्हणते ना."

रेडिओ लागला. लेइलीने खिळा भोकात सोडला. काही झालं नाही. तळाला टेकला, बस्स. राइगो काही बोलणार तेवढ्यात तिने मुठीला बोटाने टिचकी मारली, फळ्यांवर गाडी उडते तेवढी. खिळा कलला, कडेला लागला आणि भोकाचा तळ न् कड एकमेकांना जोडली गेली. चट्. बारीक ठिणगी, आणि रेडिओ बंद.

उनो खिडकीत वाकून बघत होता. "अगं बया," तो हळूच म्हणाला.

"जमिनीवर टोचे आरशाला," लेइली म्हणाली. तिने टोचा झेंड्यासारखा वर धरला. "गॅरेजमध्ये भोक रिकामं. त्या बिचाऱ्याला काय दिसणार? आणि बुचं काढते ती फक्त समुद्रावर." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण गेली चौदा वर्षं मी याच गाडीने बर्फावरून जाते. यंदाच का?"

राइगो त्या भोकाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले.

"त्यात लायटर असायचा," तो म्हणाला. "नाताळात मी काढला. फोन चार्ज करायला."

"आणि?"

"आणि आमच्या घरी आहे. पोरं खेळतात त्याच्याशी."

उनो एवढा हसला की त्याला खोकला आला. लेइली हसली नाही. रिकाम्या जागेत तिने टोचा ठेवला होता, इतकंच; एल्मार म्हणायचा तसं, हाताशी. टोचे गळ्यात घालायचे असतात, पण दोरी तिच्या चष्म्याच्या दोरीत अडकायची.

"म्हणजे तुझी चूक नव्हती," राइगो म्हणाला.

"माझीच होती. माझ्याच हाताने खोचत होते. पण मला ती सापडली रे. हिल्याला सापडत नाही." तिने खिळ्यावरचा काळा डाग अंगठ्याने पुसला. "रोज रात्री मी चुलीपाशी दोनदा जाऊन बघत होते. मला वाटलं, माझंही सुरू झालं."

राइगो बर्फाकडे बघत राहिला. "मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "चावीसाठी नव्हतो आलो, आई. घाबरून आलो होतो."

मग त्याने तिच्या खिशातली बुचं काढली, दोन्ही खिळ्यांवर घट्ट बसवली आणि दोरी तिच्या गळ्यात घातली. चष्म्याच्या दोरीचा गुंता झाला, तो सावकाश सोडवला. चावी गाडीतच होती. त्या चावीकडे त्याने पाहिलंही नाही.

लेइलीने झाकणातला शेवटचा निळा फ्यूज काढून बसवला.

"बस आता. वाटेत फ्यूज घेऊ. हिल्या वाट बघत असेल."

"तिला आठवत असेल, आज शनिवार आहे ते?"

"नसेल," लेइली म्हणाली आणि गाडी सुरू केली. "मला आठवतंय ना. पट्टा बांध."