जाळ्याचा वाटा

क्रांतीबाईंनी चौथीच्या वर्गात चादर अंथरली तेव्हा विनेश दारातच उभा होता. त्याच्या खिशात अर्ज होता, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला मागणारा. प्राप्तीला अलिबागला आत्याकडे ठेवून मोठ्या शाळेत घालायचं त्याने पक्कं केलं होतं. कारण सरळ होतं: दोन वर्षं झाली, पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती, आणि बाई म्हणे नुसते खेळ घेत होत्या.

मुख्याध्यापक धर्माजी गुरुजी हवालदिल झाले होते. काशीदच्या पुढची ही किनाऱ्यावरची सातवीपर्यंतची शाळा, चौथीत मुलं अकरा. त्यातलं एक गेलं की पट दाखवायलाही लाज वाटणार. "बाई, उद्यापासून पाढे घ्या, खेळ आवरा, म्हणजे हा थांबेल तरी," ते कुजबुजले.

"उद्याचं उद्या बघू, गुरुजी. आज डाव बघू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. बाई पालीच्या. बोलणं मऊ, पण एकदा ठरवलं की गुरुजी काय, शिक्षणाधिकारी आले तरी हलायच्या नाहीत. गेला महिनाभर त्या प्राप्तीला बघत होत्या. फळ्यासमोर मुकी असलेली ही पोर चादरीचा कोपरा हातात आला की निकेतच्या कानात सारखी काहीतरी सांगत असे. ती बोलते हे बाईंना ठाऊक होतं. ते तिच्या बापाला कळायचं राहिलं होतं, एवढंच.

खेळ असा: चौघांनी चादरीचे चार कोपरे धरायचे, मधे चोवीस शिंपल्या. एकही न सांडता वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं. मग शिंपल्यांचे सारखे वाटे करायचे. वाटे झाले की बाई चौघांपैकी कुणालाही विचारणार, आणि त्यानेच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी आपला नंबर येईपर्यंत गप्प बसायचं. त्यामुळे हुशार पोराला आपली हुशारी आधीच सगळ्यांच्या गळी उतरवावी लागे. विपुलला हा नियम सुरुवातीला फार जाचला होता. उत्तर त्याच्या ओठांवर आणि बाईंचं बोट दुसऱ्याकडे, म्हणजे शिक्षाच की.

विपुल, निकेत, रुचिता आणि प्राप्तीने चादर उचलली. निकेतने जरा ओढ दिली तशी प्राप्तीने आपला कोपरा खाली घेतला. चौघं खेकड्यासारखी तिरपी चालत पलीकडे पोचली. एक शिंपली सांडली नाही. मग डोकी एकत्र आली, कुजबुज झाली आणि जमिनीवर वाटे पडले.

सहा वाटे. प्रत्येकात चार.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "माणसं चार आणि वाटे सहा? बघा, बाई." पण बाईंनी बोट उचललं आणि सरळ प्राप्तीकडे केलं.

प्राप्तीने एकदा बापाकडे पाहिलं. विपुलने ओठ दाबून धरले.

"चार आमचे," ती म्हणाली. "यक होरीचा, यक जाल्याचा."

गुरुजी माणगावकडचे भातशेतीवाले. मासळीत होडीला आणि जाळ्यालाही वाटा मिळतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. "अगं, पण इथे होडी कुठे आहे?"

प्राप्तीने विचार केला. "होरी न्हाय," तिने कबूल केलं, "पन जालं हाय," आणि चादरीवर हात ठेवला. चौघं पुन्हा खाली वाकली. होडीच्या वाट्यातल्या चार शिंपल्या चौघांच्या वाट्यात एकेक गेल्या. "आमाला पाच-पाच. जाल्याला चार."

"आणि जाळ्यालाही दिलं नाही तर?" गुरुजींनी विचारलं.

"सा-सा," ती लगेच म्हणाली. मग गुरुजींना समजवावं तसं म्हणाली, "पन दियाला लागतंय. जालं फाटतं, मंग शिवनार कशानं?"

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच खडू उचलला आणि परत ठेवला. त्या स्वतःसुद्धा दोन वर्षं इथे राहून हे शिकल्या नव्हत्या.

विनेश चपला काढून आत आला होता. वाट्यांपाशी उकिडवा बसून त्याने ते डोळ्यांनी मोजले. "मी कदी शिकवला न्हाय हिला," तो म्हणाला. "बंदरावं आमी वाटं घालतो तवा ही पाठीमागं उभी आसते. मना वाटायचं, हिचं ध्यानच न्हाय. बाई, घरात चार शब्द बोलत न्हाय ही."

"तिला चौघांच्या गटात बोलायला आवडतं, विनेशदादा. अलिबागच्या वर्गात साठ असतील," बाई म्हणाल्या.

विनेशने खिशातला अर्ज चाचपला. गुरुजींनी धीर करून विचारलं, "मग दाखल्याचं काय करायचं?"

"द्या की," विनेश म्हणाला. "सातवी झाल्याव द्या." आणि तो प्राप्तीकडे वळला. "पोरी, आता मना सांग, होरीला दोन वाटं दिलं तं—"

"बाबा, थांब जरा," प्राप्ती म्हणाली. "आता विपुलचा नंबर हाय."