खांद्यावरचा हात

मुठेकाठच्या आखाड्यात भैरूला पुकारलं, तेव्हाच माझं डोकं तापलं. पुकारणारा नुसता "कोथरूडचा बहिरा" म्हणाला. माझ्या धाकट्या भावाला नाव आहे, पण शहरातल्यांना सांगणार कोण?

रीत अशी, की हलगी वाजतेय तोवर कुस्ती. पंचानं हात वर केला की हलगी थांबते आणि पैलवानांनी पकड सोडायची. भैरूला जन्मापासून ऐकू येत नाही. मागची दोन वर्षं हलगी थांबल्यावरही त्यानं गडी चीत केला आणि दोन्ही कुस्त्या बाद झाल्या. यंदाही तसंच झालं तर भैरूला आखाडा कायमचा बंद, असं पंच आप्पासाहेबांनी बजावलं होतं.

म्हणून सकाळीच मी त्यांच्यापुढं गेलो होतो.

"आप्पासाहेब, हलगी थांबली की त्येच्या खांद्याला हात लावा. रानात मी असाच थांबवतो. लगीच सोडतो त्यो."

त्यांनी पांढऱ्याशुभ्र धोतराचा सोगा सावरला. "म्हणजे आम्ही मातीत उतरायचं? भाऊ कुस्तीला आणलायस की पाळण्यात घालायला?"

मी दातओठ खात माघारी वळलो.

जोड होता पेठेतल्या तालमीचा रायबा, दूधतुपावर पोसलेला. भैरूनं त्याला कमरेत धरून उचलायला घेतलं आणि नेमकं तेव्हाच भुरभुर पावसानं हलगीचं कातडं सैल पडलं. वाजवणारा ती जाळावर शेकायला वळला. आवाज थांबला तसा रायबा सवयीनं ढिला झाला, आणि भैरूनं त्याला पाठीवर आपटलं.

"बाद," आप्पासाहेब म्हणाले.

"तुमी हात कुटं वर केलता?"

"हलगी थांबली होती ना? बहिरेपणाचा फायदा घेतो लेकाचा."

ज्या कानांपायी दोन वर्षं तोंड लपवलं, त्यांचाच म्हणे फायदा. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भैरूला यातला शब्दही ऐकू आला नव्हता. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं. मग रायबाचं मनगट धरून त्याला मधोमध नेलं आणि बोटानं खूण केली, पुन्हा.

"माझी ना नाय," रायबा म्हणाला. गडी सरळ होता. आप्पासाहेबांनी कपाळाला आठ्या घालून मान हलवली.

शेकलेली हलगी कडकडू लागली. घटकाभर दोघं एकमेकांना रेटत राहिले. मग भैरूनं ढाकेचा डाव मारला आणि रायबाचे दोन्ही खांदे मातीला लावले. आप्पासाहेबांचा हात वर गेला, हलगी थांबली. भैरू मात्र रायबाच्या छातीवरून हलला नाही.

"ऊठ म्हणावं त्याला."

"त्येला ऐकू येत नाय, आप्पासाहेब. सकाळीच सांगितलंवतं."

भैरू मान खाली घालून वाट बघत होता. खाली रायबा धापा टाकत होता. भोवतीची माणसं आप्पासाहेबांकडं बघायला लागली.

शेवटी त्यांनी जोडे काढले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि ओल्या मातीत पाय घातला. घोट्यापर्यंत रुतत ते पुढं गेले आणि भैरूच्या खांद्याला हात लावला.

भैरू लगेच उठला.