लाल बटणाची घंटी

आमच्या ह्यांना डेपोत सगळे कासव म्हणतात. इतकी वर्षं बस चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. म्हातारं माणूस सीटवर नीट टेकल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ब्रेक असा लावायचा की झोपलेल्या बाळालाही कळू नये. मी चिडवायची, "तुमच्या बसमधून जाण्यापेक्षा माणूस चालत लवकर पोचेल." ते नुसते हसायचे. अशा माणसाच्या बसमध्ये माझ्या सख्ख्या बहिणीवर सुरा चालला, आणि मारणाऱ्याला दार ह्यांनीच उघडून दिलं.

हे ऐकलं की लोक डोळे मोठे करतात आणि नको ते बोलतात. म्हणून नीट सांगते.

पूर्वी बसमध्ये कंडक्टर असायचा. मागच्या दारापाशी उभा राहायचा, सगळ्यांवर खेकसायचा, पण त्याच्यासमोर कोणाची हात उचलायची टाप नव्हती. वरच्या साहेबांनी खर्च वाचवायला कंडक्टर काढले आणि तिकिटाचं यंत्र बसवलं. यंत्राला कोण भितो? मागच्या सीटवर चोऱ्या सुरू झाल्या, मग मारामाऱ्या, आणि शेवटी एका शाळामास्तरांचा जीव गेला. तेव्हा वरातीमागून घोडं आलं. प्रत्येक बसमध्ये मागे एक लाल बटण लागलं. संकटात दाबा, मदत येईल, असं वर लिहिलेलं.

मदत यायची तर कंट्रोल रूमपर्यंत लाइन हवी. ती आलीच नव्हती. म्हणून वर्कशॉपला हुकूम आला, तात्पुरतं ड्रायव्हरच्या घंटीला जोडा. ड्रायव्हरजवळ घंटी एकच, आणि ती होती उतरणाऱ्यांच्या पिवळ्या बटणाची. वायरमनने पिवळ्याची वायर काढून लालला लावली.

आता तुम्हीच सांगा, पिवळं दाबून काही होत नाही आणि लाल दाबलं की बस थांबते, तर माणूस काय दाबेल? आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. शाळेतली पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया, सगळे लाल बटण दाबून उतरायला लागले. मीसुद्धा. ह्यांनी ऑफिसात जाऊन सांगितलं की हे बरं नाही. "तात्पुरतं आहे हो," असं उत्तर मिळालं. आमच्याकडे या शब्दाइतकं दुसरं काहीच टिकत नाही.

माझी धाकटी बहीण दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या करायची. मेणाचा एकेक दात कोरून बसवायची, आणि हात असा हलका की डॉक्टर मुद्दाम तिचंच काम मागायचे. जेवताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायची खोड होती तिला. "भाऊजी, तुमचा हा सुळा काय सुरेख आहे, मेल्यावर माझ्या नावावर करा," म्हणायची. हे घास गिळायचेही विसरायचे.

ते घडलं भर दुपारी, भरल्या बसमध्ये. मागच्या सीटवर एकाने तिची पर्स ओढली. तिने सोडली नाही. पहिल्यापासून हट्टी. त्याने सुरा काढला. तिने उजव्या हाताने पातंच धरलं आणि डाव्या हाताने लाल बटण दाबलं. दाबतच राहिली. पुढे घंटी खणखणत होती. ह्यांनी आरशात पाहिलं, तर उभ्या माणसांच्या पाठी. "ऐकलं हो, ऐकलं! आलाच स्टॉप," असं हे म्हणाले. मग नेहमीसारखी, जराही धक्का न देता बस स्टॉपला लावली आणि मागचं दार उघडलं. तो माणूस शांतपणे उतरून गेला. तिच्या शेजारचे दोघेतिघेही उतरले. त्यांचा स्टॉप आला होता.

तो सापडला नाही, आणि आता सापडणारही नाही. नोटीस आली ती ह्यांना, धाकटीला दवाखान्यात न्यायला थांबले आणि बस वेळेवर पुढे नेली नाही म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ती नोटीस वाचून इतकी ओरडले की शेजारीण बघायला आली.

धाकटीची उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. मेण कोरणं संपलं. लॅबच्या मालकीणबाई मात्र भल्या. म्हणाल्या, दातांचा रंग जुळवायला ये, ते डोळ्यांचं काम आहे, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते. पण लॅब पार दुसऱ्या टोकाला, आणि तिकडे ह्यांचीच बस जाते. धाकटी आमच्याकडेच राहायला आली होती. रस्त्यावर बसचा आवाज आला की उठून खिडकी लावायची.

आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नव्हतं. मी ह्यांना दोष देत नव्हते, आणि देत नव्हते हे त्यांना दिसावं म्हणून जरा जास्तच गोड बोलत होते. मनातून मात्र संताप जात नव्हता. एकदा वळून बघायला काय झालं होतं, हे ओठांवर यायचं आणि मी पाणी पिऊन घ्यायची.

शेवटी धाकटीच एकदा जेवताना बोलली. "भाऊजी, मी येईन तुमच्या बसने. पण घंटी वेगळी करा. मला मारतायत आणि मला उतरायचंय, हे दोन्ही तुम्हाला एकसारखं ऐकू येता कामा नये."

हे ताटावरून उठले ते थेट वायरमनकडे गेले. ऑफिसात विचारलं असतं तर पुन्हा तोच शब्द मिळाला असता. वायरमनने गुपचूप फक्त ह्यांच्या बसमध्ये पिवळ्या बटणाला घंटी परत जोडली आणि लालला भोंगा लावला. इतका कर्कश की कानठळ्या बसाव्यात. हे घरी आले ते कितीतरी दिवसांनी हसत. "आता चूक व्हायची नाही," म्हणाले. मलाही वाटलं, सुटलो बाई.

महिना संपायच्या आत धाकटी निघाली. मी सोबत गेले. तिने मुद्दाम मागची सीट धरली. डावा हात माझ्या हातात. ह्यांनी सीटवरून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उतरायला पिवळं दाबा. लाल फक्त संकटात."

थोड्याच वेळात भोंगा वाजला. बस रस्त्याच्या मधोमध थांबली. हे उडी मारून, माणसांना बाजूला सारत मागे आले, चेहरा पांढराफटक. बटणापाशी एक गृहस्थ खोकं घेऊन उभे होते.

"अहो, पुढच्या स्टॉपला उतरायचंय," ते म्हणाले.

"मग पिवळं दाबा ना!"

"ते चालत नाही. सगळ्यांना माहितीय."

मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "कासवराव, चला आता! ऑफिस गाठायचंय." हे परत गेले. जाताना धाकटीकडे बघून मान हलवली, मी आहे अशी. तिनेही हलवली. मला वाटलं, झालं, आता जमेल.

मग परत भोंगा वाजला. या वेळी हे जागेवरच उठून उभे राहिले, टाचा उंचावून मागे पाहिलं. एक बाई झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन उभी होती. "उतरायचंय हो," ती म्हणाली. लोक हसले. हे बसले.

पुढे बाजारापाशी बस खच्चून भरली. आमच्यासमोर माणसांची भिंत झाली. आणि भोंगा वाजला, लांबलचक. कोणी दाबलं ते मला दिसलं नाही. बस जराशी हळू झाली, अलगद स्टॉपला लागली, आणि मागचं दार उघडलं.

धाकटीने माझ्या हातातून हात काढून घेतला. उठली, वाट काढत पुढे गेली. मी मागोमाग.

"तुझा स्टॉप अजून लांब आहे गं," हे म्हणाले.

"मी इथेच उतरते, भाऊजी."

ह्यांना एका क्षणात कळलं. स्टीअरिंगवरचे हात तसेच राहिले. "अगं, मला वाटलं..." म्हणाले. त्यांची कीव आली आणि रागही आला. ती पायरी उतरली. मीही उतरले.

फुटपाथवर मी तिला समजावायला लागले. "अगं, बिचाऱ्यांनी किती वेळा उठायचं? रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालंय. पण त्यांच्या मनात..."

"भाऊजींचं सोड," ती म्हणाली. "त्यांना गर्दीत दिसत नव्हतं. तू तर मागेच बसली होतीस. भोंगा वाजला तेव्हा तू तरी वळून पाहिलंस का, ताई?"

मी नव्हतं पाहिलं. आपला स्टॉप अजून किती लांब आहे, हे मी खिडकीतून बघत होते.

बस निघाली. आतून पुन्हा भोंगा ऐकू आला, पण बस काही थांबली नाही. आम्ही दोघी घराकडे चालायला लागलो.