सृष्टीच्या पोटातला मी

मी एक जिवाणू बोलतोय, सृष्टीच्या पोटातला. बोलतोय खरा, पण जे सांगणार आहे ते मला नीट आठवतंय की नाही, याची खात्री देता येत नाही. आमचं एकेकाचं आयुष्य काही तासांचं. एकाचे दोन होतात, दोनांचे चार. म्हणजे ज्याने हे सगळं भोगलं तो मी नव्हेच. त्याच्या हजारो पिढ्यांनंतरचा मी. एकाकडून दुसऱ्याकडे येताना गोष्ट थोडी झिजते, थोडी फुगते. त्यात मला डोळे नाहीत. पोटाच्या भिंतीतून जे आवाज घुमत आले, तेवढंच माझं ज्ञान. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

आमचं घर कोल्हारच्या पुढे, प्रवरेच्या काठच्या एका वस्तीवर. सृष्टीच्या आईचं नाव पंकजा. आधी मी पंकजाच्याच पोटात होतो. बाळंतपणाच्या वेळी तिथून निसटलो आणि लेकीच्या इवल्याशा तोंडातून आत शिरलो. आत सगळं रिकामं होतं. नव्या घरात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला आनंद होतो म्हणतात. मला भीतीच जास्त वाटली. आपण इथे टिकू का, याची.

टिकलो ते दुधामुळे. आईच्या दुधात एक प्रकारची साखर असते. गंमत म्हणजे बाळाला ती पचतच नाही. ती आमच्यासाठी असते. पंकजाला हे ठाऊक नव्हतं. ती लेकीला पाजत होती आणि नकळत मलाही. बदल्यात मी आतली जागा थोडी आंबट ठेवायचो, म्हणजे नको ते पाहुणे फिरकत नसत. आणि बाळाच्या अंगातले जे पहारेकरी असतात, त्यांना घरचा कोण नि परका कोण हे ओळखायला शिकवण्यात माझाही थोडा हात असावा. असावा म्हणतो. छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

दुसऱ्या महिन्यात सृष्टीला खोकला झाला. औषधाच्या दुकानातून कुणीतरी कडक औषधाची बाटली आणली, डॉक्टरला न विचारता. चमचाभर औषध आत आलं की आमच्या शेकडो वस्त्या आडव्या व्हायच्या. पाच दिवसांनी मोजलं तर आम्ही मूठभर उरलो होतो.

त्यानंतर महिन्याभरात तिचे गाल लाल झाले. आधी रवाळ, मग ओले. कोपरांच्या घड्या, मान, गुडघ्यामागची जागा, सगळीकडे कातडी फुटली. पोर गाल उशीवर घासायची, रडायची, पुन्हा घासायची. पंकजाने तिच्या हातांना मोजे बांधले. माझ्या कमी होण्याचा आणि या इसबाचा संबंध होता का? मी आजही हा हिशेब लावतो आणि आजही तो सुटत नाही.

घरात उपाय सुरू झाले. सृष्टीची आजी बनुबाई रोज डाळीचं पीठ लावून तिला खसाखसा घासून अंघोळ घालायची. वडील रविराज साखर कारखान्यात काट्यावर कामाला होते. त्यांनी गजकर्णाची ट्यूब आणली. दोन दिवस गाल निवले, तिसऱ्या दिवशी दुपटीने पेटले.

एका सकाळी बनुबाई म्हणाली, "हिला दूध बाधतंय."

"कुनाचं?" पंकजाने विचारलं.

"तुजं. दुसरं कुनाचं पिती ती?"

मग भांड्याचा आवाज आला.

"ही वाटी घे. यात दूध पिळ. मुंगी सोडून बघू. जगली तर दूध चांगलं, मेली तर बाधतंय."

"आई, असलं काय आता," रविराज पुटपुटले.

"तू गप. कारखान्यावर ऊस मोज तू. लेकरं वाढवायचं तुला काय कळतं?"

मी ऐकत राहिलो. माझं सगळं भवितव्य एका काळ्या मुंगीच्या पायांवर होतं. तिला पोहता येत असेल का? कुणीतरी श्वास सोडला.

"मेली," बनुबाई म्हणाली.

त्या दिवसापासून म्हशीचं दूध आलं, बाटलीतून. ज्यांना ते मानवलं ते माझे शेजारी फोफावले. मी उपाशी. सृष्टीचं पोट फुगायचं, ती पाय पोटाशी घ्यायची. गाल तर आता पाणी गाळत होते. पंकजाची छाती बनुबाईने जुन्या लुगड्याच्या पट्टीने करकचून बांधली होती, दूध आटावं म्हणून. पोर रडली की पट्टी ओली व्हायची. पंकजा मोरीत जाऊन वाटीभर दूध काढायची आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतायची, पायदळी नको म्हणून. चौथ्या दिवशी वाटी अर्धी भरली. सहाव्या दिवशी तळ झाकेल एवढीच. हे तीच सृष्टीला मांडीवर घेऊन सांगायची, अगदी हळू आवाजात, जणू पोरीने काही करावं. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर पाजू म्हटलं तरी पाजायला काही उरलं नसतं.

आठव्या दिवशी नर्सबाई आल्या. लसीच्या दिवशी अंगणवाडीत पोर आली नाही म्हणून गाडी वळवून वस्तीवर आल्या होत्या. त्यांनी सृष्टीला काट्यावर ठेवलं आणि विचारलं, "वजन उतरलंय हिचं. अंगावर पिते ना?"

"म्हशीचं चालू हाय," बनुबाई म्हणाली. "आईचं बाधत हुतं. मुंगी मेली त्यात."

"आमच्या चहात बी परवा मेली," ओट्यावरून आवाज आला. हे सहादेवआप्पा, सृष्टीचे आजोबा. "चहा न्हाई सोडला कुनी."

"तुमी गप बसा वो. चहा म्हंजे काय लेकराचं दूध हाय व्हय?"

"म्हनून तर म्हनतो. मानसाच्या गोष्टी मुंगीला कशाला इचारायच्या?"

नर्सबाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज माझ्या उंचीवर आला. "आजी, तुमचं बरोबर असेल. मलाही बघायचंय. तीन वाट्या द्या. एकीत सुनेचं दूध, एकीत म्हशीचं, एकीत साधं पाणी."

वाट्या आल्या. पंकजाला पट्टी सोडावी लागली. दूध कसंबसं तळाला लागलं. आप्पांनी अंगणातून तीन मुंग्या आणल्या आणि आणताना म्हणाले, "तिघी बी एकाच भावकीच्या हायेत, बरं का. तक्रार नको."

पुन्हा तीच परीक्षा. या वेळी मला ती सहनच होईना.

"म्हशीच्या दुधातली गेली," आप्पा म्हणाले. जरा वेळाने, "पान्यातली बी गेली. आनि हिच्या दुधातली... व्हय, ही बी."

"बुडणारा जीव आहे तो, आजी," नर्सबाई म्हणाल्या. "दुधात काय आणि पाण्यात काय."

मला वाटलं बनुबाई भांडेल. ती भांडली नाही. म्हणाली, "पंकजा, ती पट्टी दे इकडं." आणि कापड फाटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. पट्टीच्या चिंध्या होईपर्यंत ती फाडत राहिली. नुसता हट्ट हरला की माणूस असं करत नाही, एवढं मला तेव्हाही वाटलं. पण ते माझं वाटणं.

दूध लगेच आलं नाही. सृष्टी छातीला लागायची, ओढायची, रागावून सोडून द्यायची. "आटलं वाटतं," पंकजा म्हणायची. बनुबाई तिला हाळिवाची खीर घालायची आणि पोरीला पुन्हा लावायची. "वढू दे तिला. वढल्याशिवाय उतरत न्हाई." दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आत काहीतरी कोमट आलं, थेंबभर. मला ती चव ओळखायला क्षण लागला. मग आणखी आलं. आम्ही किती उरलो होतो ते सांगत नाही, लाज वाटते. पण जे होतो ते वाढू लागलो.

नर्सबाईंनी मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पीठ बंद झालं, गजकर्णाची ट्यूब बंद झाली. अंघोळीनंतर ओलसर अंगावर जाड मलम आणि डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध. इसब हटायला दोन वर्षं गेली, तेही जात-येत. श्रेय मलमाचं, डॉक्टरांचं, दुधाचं की वयाचं, हे मला ठरवता येत नाही. शहाणी माणसंही त्यावर अजून वाद घालतात. मी माझं नाव यादीत शेवटी लिहितो, तेही पेन्सिलीने.

आता सृष्टी चौथीत आहे. भाकरी खाते, ठेचा खाते. तिच्या पोटात आता मोठा बाजार भरलाय आणि मी कोपऱ्यातल्या एका छोट्या गाळ्यात बसलोय. थंडीत तिचे कोपर अजून खाजतात. माझी तक्रार नाही. मागणं एकच: पुढे कुणाच्या लेकराची कातडी फुटली, तर आधी त्याच्या आईला आरोपी करू नका. डॉक्टरला दाखवा. आणि औषधाची बाटली घरच्या घरी ठरवून उघडू नका. आत आमच्यासारखे कितीतरी राहतात.

गेल्या थंडीत बनुबाई आणि सृष्टी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. सृष्टीने विचारलं, "आजी, तू मला आईचं दूध बंद केलं हुतं?"

"केलं हुतं."

"का गं?"

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. "तुज्या बापाच्या आदी मला एक ल्योक झाला हुता. त्याचं बी अंग असंच फुटलं. सासूनं मुंगी टाकली, मेली. मग त्याला शेळीचं दूध लावलं. त्याच्यावर बावीस दिवस जगला. मला वाटायचं, माजं दूध लवकर तोडलं न्हाई म्हनून गेला. पस्तीस वर्सं तसंच वाटायचं. त्या बाईनं तीन वाट्या मांडल्या, तवा कळलं."

"काय कळलं?"

"माजं दूध चांगलं हुतं."